गाडी घेण्याआधी गाडीची गोष्ट

 सकाळचं आटोपून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, मोटारगाड्यांची गोष्ट ती काय ऐकायची? ते तर माणसांचं काम. थोडा दम धरा. या गोष्टीची सुरुवातच एका बाईपासून होते. आणि हा विषय आम्ही का घेतला, तेही आधी सांगतो.

आमच्याकडच्या एका ग्रामसंघात गेल्या महिन्यात बैठक झाली. तिथल्या गटांतल्या बाया वांगी, टमाटर, पालक, सांभार पिकवतात आणि माल नागपूरच्या कॉटन मार्केटला नाहीतर कळमन्याला पाठवतात. गाडी भाड्याची. गाडीवाला त्याच्या सवडीने येतो. कधी पहाटे चारला येतो, कधी सहाला. सहाला आला की माल पोचेपर्यंत बाजार अर्धा उरकलेला असतो. मग अडत्या म्हणेल तो भाव. सांभाराची जुडी तर दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून बैठकीत ठराव आला की कर्ज काढून आपली स्वतःची गाडी घ्यायची.

एकीने छोटा हत्ती सुचवला. दुसरी म्हणाली, डिझेल परवडत नाही, बॅटरीवरची माल वाहायची रिक्षा घेऊ. तिसरीच्या दिराच्या ओळखीत जुनी पिकअप विकाऊ होती. तासभर चर्चा चालली. तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क बाईने विचारलं, "गाडी घ्याची तं घ्या, पण चालवन कोन?" सगळ्या हसल्या, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हा सहयोगिनींकडेही नव्हतं. गाडी म्हणजे शोरूमवाला सांगेल ते, घरातला माणूस म्हणेल ते, एवढंच आजवर चालत आलं. म्हणून आम्ही महिनाभर वाचलं, विचारलं, गाडी चालवणाऱ्यांशी बोललो. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

जर्मनीत कार्ल बेंझ नावाचा एक इंजिनियर होता. त्याने पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची गाडी बनवली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारीचा जन्म तेव्हाचा धरतात. त्याच्या कारखान्यात त्याच्या बायकोचा, बर्थाचा, पैसा लागलेला होता. लग्नाआधीच तिने आपल्या वाट्याची रक्कम त्यात घातली होती. गाडी तर झाली, पण लोकांचा विश्वास बसेना. घोड्याशिवाय धावणारं हे धूड वाटेत बंद पडलं तर काय, असं लोक म्हणत.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. दोन मुलांना सोबत घेतलं आणि मानहाइम गावाहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरहून पांढुर्ण्याला जावं एवढं. तेव्हा पेट्रोल पंप नव्हतेच. तिने वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव विकत घेतलं आणि ते टाकीत ओतलं. नळी तुंबली तेव्हा डोक्यावरच्या टोपीची पिन काढून ती मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. चढावर गाडी दमायची, मग पोरांनी उतरून ढकलायची. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. त्याने तो बसवला.

मैत्रिणींनो, गाडी बेंझने बनवली हे खरं. पण ती रस्त्यावर चालवून तिच्यात काय कमी आहे हे शोधलं बर्थाने. वापरणारीचं ऐकलं म्हणून गाडी सुधारली. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक वळणावर तीच दिसेल.

यानंतर वीसेक वर्षं मोटार श्रीमंतांची चैनच राहिली. ती सामान्य माणसाच्या दारात आणली अमेरिकेच्या हेन्री फोर्डने. त्याची 'मॉडेल टी' गाडी १९०८ साली आली तेव्हा किंमत होती ८५० डॉलर. १९१३ मध्ये त्याने कारखान्यातली कामाची पद्धत बदलली. आधी एका गाडीभोवती कारागीर जमत आणि ती पूर्ण करत. आता गाडी पट्ट्यावरून पुढे सरकू लागली आणि प्रत्येक कारागीर आपल्या जागी उभा राहून एकच काम करू लागला. आपल्या पापडाच्या कामात एक जण लाट्या करते, दुसरी लाटते, तिसरी वाळवते, चौथी पाकिटं भरते, तसंच समजा. एक गाडी जोडायला पूर्वी बारा तासांहून जास्त लागत, ते काम दीड तासावर आलं. किंमतही उतरत गेली आणि १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्याही खाली आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या.

ही गाडी खेड्यात चालली, त्याचं कारण तिची किंमत तर होतंच, पण तिची उंचीही होती. चिखलाच्या, चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर तिचा तळ घासत नसे. शेतकरी तिचं मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावत आणि त्यावर लाकूड कापायची करवत नाहीतर पाण्याचा पंप चालवत. आपल्याकडे ट्रॅक्टरवर काय काय चालवतात, ते आठवा.

त्या काळच्या गाड्यांत एक मोठी खोट होती. इंजिन सुरू करायला समोरून लोखंडी हँडल जोराने फिरवावं लागे. ते उलटं फिरलं तर हात मोडायचा. त्यामुळे अमेरिकेतल्या शहरांत बऱ्याच बाया बॅटरीवरची मोटार पसंत करत. तिला ना हँडल, ना धूर. हो, बॅटरीची मोटार ही कालपरवाची गोष्ट नाही, ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बटणाने सुरू होणारा विजेचा स्टार्टर आला, हँडल गेलं, आणि पेट्रोलची गाडीही बायांना सहज चालवता येऊ लागली. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, बॅटरीची गाडी मात्र लांब जाऊ शकत नव्हती. ती मागे पडली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास दिसू लागल्या, पण त्या सगळ्या परदेशी. मोटारी इथेच बनाव्यात म्हणून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ती त्यांच्याच कंपनीची. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. जीप मुळात लढाईसाठी बनलेली. चारही चाकांना जोर, चिखल असो की नाला, पार होणार. पण विदर्भातल्या खेड्यांनी तिचा वेगळाच उपयोग केला. जिथे एसटी दिवसातून एकदा येते नाहीतर येतच नाही, तिथे जीपच्या घाटाच्या काळी-पिवळी गाड्या धावू लागल्या. आपल्यातल्या किती जणी बाळंतपणाला काळी-पिवळीत बसून तालुक्याला गेल्या असतील! त्याआधी होती ती बंडी. बंडीत जो वेळ जाई, त्यात किती जीव गेले, ते आपल्या आज्यांना विचारा.

पुण्यात टाटांची टेल्को कंपनी ट्रक बनवत होती. १९७४ मध्ये या कंपनीने इंजिनियरांसाठी जाहिरात दिली आणि त्यात लिहिलं की महिलांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. याच त्या पुढे लेखिका म्हणून नावाजलेल्या सुधा मूर्ती. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मोठ्या गाड्या जोडण्याचा एक अख्खा विभाग बाया सांभाळतात. बायांचं हे काम नाही, असं कोणी म्हटलं तर एवढं उदाहरण पुरे आहे.

याच कंपनीने १९९८ मध्ये इंडिका मोटार आणली. आराखड्यापासून आपल्या देशात बनलेली आणि डिझेलवर चालणारी. सुरुवातीला तिच्या तक्रारी पुष्कळ आल्या. कंपनीने त्या ऐकून घेतल्या, दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली गाडी काढली. मग ती घरोघरी गेली आणि टॅक्सीलाही लागली.

त्यानंतर आली आपल्या ओळखीची गाडी, टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. २००५ चं साल. तोवर माल न्यायला एक तर तीनचाकी होती, नाहीतर मोठा ट्रक. तीनचाकी कमी माल घेई आणि लांबच्या रस्त्यावर डगमगे. ट्रक गल्लीत शिरत नसे, आणि थोड्या मालासाठी परवडतही नसे. कंपनीची माणसं गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या तीनचाकी आणि ट्रकवाल्यांना भेटली आणि त्यांना काय पाहिजे ते विचारलं. एका तीनचाकीवाल्याने म्हणे असं सांगितलं की चारचाकी असली तर गावात मान राहील, लग्नालाही चांगलं स्थळ येईल. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं अर्धं करून दोन सिलिंडरचं छोटं इंजिन बनवलं आणि गाडी सव्वादोन लाखांच्या आसपास विकायला काढली. दूध, भाजी, सिलिंडर, मंडपाचं सामान, काय नाही नेलं या गाडीने!

तिच्याच मागोमाग आली नॅनो. स्कूटरवर चौघांचं कुटुंब पावसात भिजत चाललेलं रतन टाटांनी पाहिलं आणि त्यातून एक लाखाच्या मोटारीची कल्पना सुचली, असं ते सांगत. जानेवारी २००८ मध्ये ती गाडी दाखवली तेव्हा जगभर गाजावाजा झाला. पण ती चालली नाही. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. शिवाय जगातली सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून तिचं नाव झालं, आणि तेच तिला भोवलं. आयुष्यभर पै-पै जमवून मोटार घेणाऱ्याला दारात गरिबाची गाडी नको होती. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. नुसतं स्वस्त असून भागत नाही. घेणाऱ्याच्या मनात काय आहे तेही पाहावं लागतं.

आता एक गोष्ट जीव वाचवणारी. गाडीतला सीटबेल्ट, जो खांद्यावरून आणि कमरेवरून येतो, तो १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या इंजिनियरने बनवला. कंपनीने ठरवलं असतं तर त्यावर पैसा कमावला असता. तिने तो सगळ्या कंपन्यांना वापरू दिला. त्या एका पट्ट्याने जगभर लाखो जीव वाचवले. पण कापूस वेचायला, संत्रा तोडायला आपल्या बाया मालाच्या गाडीत मागे उभ्याने जातात, तिथे कसला पट्टा? मालाच्या गाडीत माणसं भरून नेणं कायद्यातही बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायलाही अडचण येते. गटाची गाडी झाली, तर हा नियम आपल्यालाच आपल्यावर लावावा लागेल. बैठकीत आम्ही हे बोललो तेव्हा सगळ्या गप्प झाल्या, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतल्या निम्म्या अशाच गाडीने कामाला जाणार होत्या.

बॅटरीच्या गाडीचं पुढे काय झालं, तेही पाहू. ती परत आली, आणि आपल्या देशात तिचा एक मोठा प्रयोग नागपुरातच झाला. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्रा यांनी मिळून नागपुरात विजेवरच्या टॅक्सी आणि रिक्षा सुरू केल्या. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. ताफा होता २०० वाहनांचा. धूर नाही, आवाज नाही, सगळ्यांना कौतुक वाटलं. पण काही महिन्यांतच चालकांच्या अडचणी पुढे आल्या. चार्जिंगची ठिकाणं थोडी, गाड्या जास्त. रांगेत तास जात, आणि टॅक्सीवाल्याचा तास म्हणजे त्याची कमाई. उन्हाळ्यात गाडीत एसी लावला की बॅटरी लवकर उतरे. काही चालकांनी त्या गाड्या सोडून पुन्हा पेट्रोल-डिझेलची गाडी धरली.

म्हणजे प्रयोग वाया गेला का? आम्हाला तसं वाटत नाही. बर्थाच्या प्रवासात जसं चढाच्या गिअरचं कळलं, तसं नागपूरच्या चालकांमुळे हे कळलं की गाडीआधी चार्जिंगची सोय लागते. आज शहरात बॅटरीच्या रिक्षा जागोजागी दिसतात. त्या चालतात, कारण रात्री घरी चार्ज होतात आणि दिवसा जवळपासच फिरतात. त्यांचं काम त्यांच्या ताकदीत बसतं.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या ग्रामसंघात गेलो. कोणती गाडी घ्यायची हे आम्ही सांगितलं नाही. आधी आपली अडचण काय आहे ती नीट मांडू, असं म्हटलं. फळ्यावर चार प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न, माल किती आणि कधी? रोज किती कॅरेट निघतात, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती. गाडी अर्धी रिकामी धावली तर तोटा आपलाच.

दुसरा, अंतर किती? नागपूरला जाऊन यायला साठ किलोमीटर पडत असतील, तर बॅटरीची गाडी पूर्ण माल भरून तेवढं जाऊन येते का, हे चालवून पाहायचं. कागदावर लिहिलेलं अंतर आणि भरल्या गाडीचं अंतर सारखं नसतं. गावात रात्री लाइट किती तास असते, हेही लिहायचं. बॅटरी बदलायची झाली तर खर्च किती आणि हमी किती वर्षांची, ते लेखी घ्यायचं.

तिसरा, रोजचा खर्च किती? समजा, हप्ता महिन्याला ९,००० रुपये आहे आणि गाडी महिन्यात २५ दिवस चालते. म्हणजे रोजचे ३६० झाले. विमा आणि दुरुस्तीचे महिन्याला ३,००० धरले तर रोजचे १२०. चालवणाऱ्याची मजुरी ४०० आणि डिझेल ३६०. बेरीज झाली १,२४० रुपये. आता भाड्याची गाडी एका खेपेला १,००० घेत असेल, तर स्वतःची गाडी महाग पडली! ती परवडायची असेल तर शेजारच्या गटांचा माल घ्यावा लागेल, नाहीतर परतीला किराणा, खत आणावं लागेल. हे आकडे आम्ही उदाहरणाला घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे टाका.

चौथा प्रश्न त्या वयस्क बाईचा. चालवणार कोण? आणि कागदावर नाव कोणाचं? कर्ज गटाचं, हप्ता गटाचा, आणि आरसी बुकावर नाव कोणाच्या घरच्या माणसाचं, असं झालं तर गाडी कोणाची? नाव ग्रामसंघाचं लागेल की सदस्यांचं, हे बँकेत आणि आरटीओत आधी विचारा, आणि ठरावाच्या वहीत लिहून सह्या घ्या.

त्या दिवशी गाडी घ्यायचं ठरलं नाही. ठरलं ते एवढंच की दोन महिने वही ठेवायची. रोज किती कॅरेट गेले, गाडी किती वाजता आली, भाडं किती दिलं, भाव काय मिळाला. सीआरपी ताईंनी वहीचे रकाने आखून दिले. आणि दोन जणींनी गाडी शिकायला नाव दिलं. त्यांतल्या एकीच्या घरून आधी नकार आला होता. सासू म्हणाली, पडली-बिडली तर? मग तीच सासू दुसऱ्या दिवशी म्हणाली, दुसऱ्याच्या गाडीत मागे उभी राहून जाते तेव्हा नाही का पडत? दोघींची शिकाऊ लायसन्स निघाली आहेत. पक्क्या लायसन्सची परीक्षा त्यानंतर निदान तीस दिवसांनी देता येते, तोवर त्या सकाळी मैदानात गाडी फिरवतात. एकीचं गाडी मागे घेताना अजून चुकतं, पण आता इंजिन बंद पडत नाही.

तुमच्याही गटात गाडीचा विषय निघत असेल, तर येत्या बैठकीत हे चार प्रश्न वाचून दाखवा आणि वही सुरू करा. दोन महिन्यांनी त्या ग्रामसंघाची वही उघडली की काय निघालं, गाडी घेतली की नाही, ते आम्ही याच कार्यक्रमात सांगू.